एकाचा सांगाडा, दुसऱ्याचे काळीज
— निरनिराळ्या गाड्यांचे भाग जोडून मोटारसायकल उभी करण्याच्या पुणेरी मिस्त्रीकामाची हकिगत, आणि त्यातली जोखीम —



गळीत हंगामात वजनकाट्यापुढे रांगेने उभी असलेली टायरगाडी नीट न्याहाळून बघा. जू आणि बैल आपले, फळ्या सुताराच्या, आख मोटारीचा आणि चाकाला रबरी धाव. कुठल्याही एका कारखान्यात ती जन्माला आलेली नाही. चार ठिकाणचे चार भाग गावच्या लोहार-सुताराने एकत्र आणले आणि लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त ऊस तीच बैलजोडी ओढू लागली. जे आहे त्यातून जे हवे ते करायचे, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

हीच रीत मोटारसायकलीला लावणारे मिस्त्री पुणे शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन, तिसरीचा पुढचा फोर्क नि चौथीची टाकी अशी गोळाबेरीज करून ते एक निराळीच गाडी उभी करतात. हा विषय आपल्या पत्रिकेत घ्यायचे कारण सरळ आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी गाडीचा विषय निघतो. मुलगा पुण्याला शिकायला किंवा नोकरीला असतो. त्याच्या डोक्यात आजोबांची परसात गंजत पडलेली बुलेट असते किंवा मित्राने दाखवलेली 'बनवलेली' गाडी असते. पैसे तुम्ही देणार, बसणार तो, आणि काही बरेवाईट झाले तर निस्तरायचे दोघांनी. तेव्हा या कामात काय जमते, काय जमत नाही आणि कायदा काय सांगतो हे माहीत असलेले बरे.

नाना पेठ आणि जुना बाजार

पुणे हे एके काळचे सायकलींचे शहर. ते दुचाकींचे शहर केव्हा झाले हे कुणाला कळलेही नाही. आकुर्डीला बजाजचा कारखाना आला, १९७२ साली चेतक स्कूटर निघाली, त्याच साली कायनेटिकची लुना आली. जिथे गाड्या तिथे मिस्त्री, आणि जिथे मिस्त्री तिथे सुटे भाग. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची आळीच्या आळी झाली. नवा भाग हवा असेल तर नाना पेठ गाठायची. जुना हवा असेल तर मंगळवार पेठेचा जुना बाजार. बुधवार आणि रविवार हे त्या बाजाराचे नावाजलेले वार. पान्हे, कार्बोरेटर, मीटर, दिव्याच्या कड्या असे काय वाट्टेल ते तिथे गोणपाटावर मांडलेले असायचे, आणि पारखी मिस्त्री लांबूनच ओळखायचा की ही चकती राजदूतची आणि ते झाकण येझदीचे.

ही पारख म्हणजेच या धंद्याचे भांडवल. कुठला भाग कशाला बसतो हे छापील पुस्तकात नसते. यामाहाची आरएक्स-१०० ही १९८५ ते १९९६ या काळात निघालेली हलकी, चपळ गाडी. तिला चार गियर. पुढे त्याच घराण्यातल्या आरएक्स-१३५ ला पाच गियरचा बॉक्स आला, आणि तो आरएक्स-१०० च्या पेटीत बसतो हे मिस्त्रींनी हुडकून काढले. एकाच घराण्यातल्या भागांची सोयरीक अशी सुखाने जमते. अडचण येते ती परक्या घराण्यात सोयरीक करताना.

बुलेटलाच का?

इंजिन बदलण्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण म्हणजे डिझेल बुलेट. आपल्या शेतकऱ्याला ती जवळची वाटेल, कारण तिच्या पोटात विहिरीवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या जातीचेच इंजिन होते.

एनफिल्डच्या बुलेटची जुळणी मद्रासला १९५५ साली सुरू झाली. त्याआधी १९५२ साली आपल्या लष्कराने या गाड्या मागवल्या होत्या, त्यातून हे सगळे घडले. त्या जुन्या बुलेटचे वैशिष्ट्य असे की इंजिन वेगळे आणि गियरबॉक्स वेगळा. दोघांच्या पेट्या स्वतंत्र, मध्ये चेन आणि क्लच. म्हणजे गियरबॉक्स न खोलता इंजिन बदलता येते. जावा-येझदीचे तसे नाही. म्हैसूरला १९६१ पासून १९९६ पर्यंत बनलेल्या त्या गाड्यांत इंजिन नि गियर एकाच ओतीव पेटीत. एकाला हात लावला की दुसरा आलाच. म्हणून मिस्त्री लोक बुलेटकडे वळले. तिच्या पोटात दुसरे काळीज बसवायला जागा होती आणि वाटही मोकळी होती.

ग्रीव्हज लोंबार्डिनीचे ३२५ सीसीचे, हवेने थंड होणारे, साडेसहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन यासाठी लोकप्रिय झाले. मूळ आराखडा इटालियन. मिस्त्रींनी आधी आपल्या अकलेने ते बुलेटमध्ये बसवले, आणि पुढे खुद्द एनफिल्ड कंपनीनेच तशी गाडी काढून विकली. १९९० च्या दशकात तिला 'टॉरस' नाव होते. वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बेताचाच. पण लिटरला ७० ते ८५ किलोमीटर पळायची आणि डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा फारच स्वस्त. दूधवाला, भाजीवाला, वाडीवस्तीवरचा बागायतदार यांना आणखी काय पाहिजे? प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले.

या गाडीने एक धडा घालून दिला. भाग बसला म्हणजे काम झाले असे नाही. डिझेल इंजिनात दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असतो. त्यामुळे किक मारताना दाब सोडायची खिट्टी लागते, नाहीतर पायाचा घोटा निखळायचा. एकाच सिलिंडरचे डिझेल इंजिन धडधडते ते थेट चासीच्या हाडापर्यंत. इंजिन धरणाऱ्या प्लेटा पातळ असतील तर नट ढिले होतात आणि मग चासीला तडा जातो. विहिरीवर काँक्रीटच्या ओट्यात बोल्ट गाडून बसवलेले इंजिनसुद्धा कसे हादरते ते आपण पाहिलेच आहे. गाडीला तसला ओटा कुठला?

दात्यांचा हिशेब

इंजिन बदलले की सगळ्यात आधी हिशेब करायचा तो चेनसॉकेटचा. जुन्या पेट्रोल बुलेटचे इंजिन मिनिटाला साडेपाच हजारांच्या वर फेरे घेऊन १८ अश्वशक्ती देई. हे डिझेल ३,६०० फेऱ्यांवरच थकते. सॉकेट तेच ठेवले तर गाडी रांगत चालेल.

समजा, पुढच्या सॉकेटला १६ दाते आणि मागच्याला ३८. गियरबॉक्समधून निघणारा दांडा मिनिटाला १,००० फेरे फिरला तर मागचे चाक ४२१ फेरे फिरणार. चाकाचा घेर सुमारे २ मीटर धरला तर वेग झाला ताशी ५० किलोमीटर. आता पुढचे सॉकेट १९ दात्यांचे बसवा. त्याच १,००० फेऱ्यांत चाक ५०० फेरे फिरते आणि वेग ताशी ६० होतो. इंजिनाला जादा पळवायची गरज नाही.

पण फुकट काही मिळत नाही. जेवढा वेग वाढला तेवढी ओढ कमी झाली. मोकळ्या रस्त्यावर पळणारी तीच गाडी कात्रजच्या किंवा दिव्याच्या घाटात दोघांना घेऊन चढताना धापा टाकते. अशक्त बैलांच्या गाडीत ऊस वाजवीपेक्षा जास्त भरला तर जे होते तेच.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. पुढचे आणि मागचे सॉकेट एका रेषेत असले पाहिजे. पंप आणि मोटार यांची पुली तिरकी बसली की पट्टा एका बाजूने खातो आणि शेवटी उडतो. गव्हाणीच्या चेनचे आमच्या कारखान्यातही तेच, आणि म्हणून बंद हंगामात फिटर मंडळी दोरी धरून, शिम घालून ओळ साधत बसतात. मोटारसायकलीची चेन उडाली तर पट्ट्यासारखी बाजूला पडत नाही. मागच्या चाकात अडकून चाक जागच्या जागी जाम करते. ताशी ६० च्या वेगात ते झाले की पुढचे सांगायला नको.

पुढचे चाक, ब्रेक आणि वायर

बनवलेल्या गाड्यांत बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे असते. खरा घात मात्र पुढच्या बाजूला होतो.

पुढच्या फोर्कचा तिरका कोन उगीच दिलेला नसतो. चासीच्या मानेतून जाणारी रेष खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतरामुळेच चाक आपणहून सरळ राहते. सामानाच्या ढकलगाडीचे लहान चाक कसे आपोआप मागे वळून गाडीच्या दिशेने लागते, तसेच हे. दुसऱ्या गाडीचा आखूड फोर्क बसवला की मान उभी होते, अंतर कमी होते आणि वेगात हँडल लटपटू लागते. लांब फोर्क बसवला की गाडी वळायला जड जाते. दोन-चार बोटांचा फरक, पण रस्त्यावर त्याचा अर्थ फार मोठा.

ब्रेकचेही तसेच. ड्रम ब्रेकच्या ताटलीला चासीशी बांधून ठेवणारा एक दांडा असतो. दुसऱ्या गाडीचे चाक बसवताना तो दांडा जुळत नाही म्हणून कुणी तारेने बांधतो, कुणी सोडूनच देतो. जोराचा ब्रेक लागला की ताटली चाकाबरोबर गरकन फिरते, केबल तुटते आणि ब्रेक गेला. डिस्क बसवायची हौस असेल तर तिचा जोर सहन करणारा फोर्कही हवा. जुन्या बारीक फोर्कच्या एकाच पायावर तो भार आला की पाय पिळवटतो.

वेल्डिंगबद्दल एक शब्द. टाका मजबूत दिसतो, तुटते ते टाक्याच्या शेजारी. तापून थंड झालेले लोखंड तिथे ठिसूळ होते. नांगराचा फाळ चुकीच्या जागी डागला तर काय होते हे सांगायला आपल्याला लोहार लागत नाही.

जुन्या गाड्यांची वायरिंग बहुधा ६ व्होल्टची, नव्या भागांची १२ ची. एकात दुसरे घुसवले की दिवा उडतो, तोही नेमका रात्रीच्या वेळी. शिवाय जुन्या बुलेटला गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, तर इतर गाड्यांना उलट. घाईच्या क्षणी पाय सवयीने जातो, विचाराने नाही.

हौशी आणि हिकमती माणसे

हे वेड काही आपल्याच मुलखाचे नाही. इंग्लंडमध्ये १९५० साली नॉर्टन कंपनीने एक अप्रतिम चासी आणली. तिला 'फेदरबेड' म्हणजे पिसांची गादी असे नाव पडले, इतकी ती रस्त्यावर सुखाने चाले. लहान रेसच्या मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचे इंजिन हवे असे, पण कंपनी सुटे इंजिन देईना. मग ते अख्खी मोटारसायकल विकत घेऊन इंजिन काढून घेत आणि बिनइंजिनाच्या चासी मागे उरत. पोरांनी त्या घेतल्या आणि त्यांत ट्रायम्फचे दमदार इंजिन बसवले. ट्रायम्फ अधिक नॉर्टन म्हणून 'ट्रायटन'. आज त्या गाड्यांना हौशी लोक मोठी किंमत मोजतात.

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो याने १९२० सालची 'इंडियन' मोटारसायकल आयुष्यभर सुधारली. जुने धातू वितळवून पिस्टन स्वतः ओतले आणि १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. जर्मनीत तर आपल्याच बुलेटच्या चासीत हाट्झचे डिझेल इंजिन घालून 'सोमर' नावाची गाडी बनवली गेली. आपल्या मिस्त्रींची अक्कल तिथेही कामी आली म्हणायची.

आपल्याकडे गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि कुळवाचे जोडकाम बसवले. त्यांची 'बुलेट सांती' लहान शेतकऱ्याची आंतरमशागत करू लागली. भारतात आणि अमेरिकेतही त्यांना पेटंट मिळाले. आणि अगदी आपल्या उसाच्या पट्ट्यातले उदाहरण हवे असेल तर सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि दुचाकीचे भाग जोडून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्यांना मिळालीही. पण देऊ करतानाच महिंद्रांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की ही गाडी नियमात बसत नाही, अधिकारी ती आज ना उद्या रस्त्यावर अडवणारच. कौतुक कौतुकाच्या जागी आणि कायदा कायद्याच्या जागी.

बरे, मोठे कारखाने तरी वेगळे काय करतात? पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात पल्सर एनएस-२०० आणि केटीएम ड्यूक-२०० या दोन्ही बनल्या. दोघींच्या इंजिनांचे मूळ एकच. डॉमिनारचे इंजिनही केटीएमच्या ३९० वरूनच आलेले. फरक इतकाच की कारखाना अशी जुळणी करून ती महिनोन्‌महिने खडकाळ रस्त्यावर, पाण्यात, घाटात हाणून बघतो आणि कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतो. ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. गॅरेजमधल्या गाडीची पहिली परीक्षा होते ती मात्र आपल्या मुलाला वर बसवूनच.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'मालकाला' हा शब्द लक्षात घ्या. गाडी तुमच्या नावावर असेल तर मालक तुम्ही.

त्याच जातीचे, त्याच कंपनीचे इंजिन बदलले तर पावती जोडून आरटीओकडे त्याची नोंद करून घेता येते. दुसऱ्या जातीचे इंजिन घालून रस्त्यावर फिरवता येत नाही. फटफट आवाजाचे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि त्यांवरून रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून येतच असतात.

दंड एकदा भरून मोकळे होता येते. खरी भीती विम्याची आहे. बदललेल्या गाडीने कुणाला धडक दिली तर विमा कंपनी हात झटकू पाहते आणि भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. एका वर्षाच्या हौसेपायी दहा वर्षांचे उसाचे बिल गुंतून पडावे हे कुणालाच परवडणारे नाही.

आपल्याच उसाचे पेट्रोल

आणखी एक बाब थेट आपल्या धंद्याशी जोडलेली आहे. २०२५ सालापर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला. त्यात उसाचाही वाटा आहे याचा आपल्याला आनंदच आहे. पण एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग या मिश्रणासाठी बनवलेले आहेत, जुन्यांचे नाहीत. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि टाकीचे अस्तर इथेनॉलने फुगते किंवा झिजते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी नि गंज धरतो. शिवाय इथेनॉलमध्ये जळायला उष्णता कमी, म्हणून जुन्या कार्बोरेटरला किंचित मोठे जेट लागते. नाहीतर मिश्रण पातळ पडून इंजिन तापते. जुनी गाडी बाहेर काढणाराने आधी नळ्या बदलाव्यात.

सभासदांनी ध्यानात ठेवावे

१. परसातली जुनी गाडी भंगारात घालण्यापूर्वी किंवा तोडण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक शोधा. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते.

२. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. भेसळ केली की तो मान गेला. जुन्या गाडीची किंमत तिच्या अस्सलपणात आहे.

३. जुने इंजिन किंवा चासी घेताना पावती आणि मूळ कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबर खोडलेला माल कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका. चोरीच्या मालाची चौकशी शेवटच्या खरेदीदाराच्या दारी येते.

४. ज्याला शिकायचेच आहे त्याने बांधावर, खळ्यावर, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकावे. फवारणीचा गाडा करा, सरीत चालणारा कुळव करा, इंजिन खोला, जोडा. पोराच्या हाताला काळे लागू द्या, ते वाया जात नाही.

५. रस्त्यावर जायची गाडी मात्र मूळचीच असू द्या. तिचे ब्रेक, टायर आणि चेन यांवर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. हेल्मेट न घेता पुण्याच्या रस्त्यावर जायचे नाही, ही अट पैसे देतानाच घाला.

पुण्याच्या पेठांतल्या मिस्त्रींच्या बोटांत जी विद्या आहे तिचा मान राखलाच पाहिजे. पुस्तक न वाचता दात्यांचा हिशेब तोंडी सांगणारी ती माणसे आहेत. आणि त्यांतला जो खरा जाणकार असतो तोच गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगतो, "इंजिन मी बसवून देईन हो, पण ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही." असे सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याचे ऐका, आणि आपली जुनी गाडी दुरुस्तीला त्याच्याच हवाली करा.